सायकल टांगण्याची कैफियत

घराचे बांधकाम पुरे झाले, वास्तुशांतीची पंगत उठली, गवंड्याचा अखेरचा हिशेब यथासांग वादावादी होऊन चुकता झाला, आणि नळजोडणी करणारा कारागीर यापुढे आपला फोन उचलायचा नाही असा निग्रह करून अंतर्धान पावला, म्हणजे जिन्याखालच्या अंधारात प्लास्टिकच्या पाइपांच्या तुकड्यांचा जो एक भारा मागे उरतो, त्याची विल्हेवाट कशी लावावी याविषयी आपल्या धर्मशास्त्रकारांनी पूर्ण मौन पाळलेले आहे. टाकून द्यावा तर तो रोख पैसे मोजून घेतलेला जिन्नस. विकावा तर भंगारवाला जो भाव सांगतो तो ऐकून विकण्यापेक्षा दान करणे अधिक अब्रूचे वाटते. आणि दान करावे तर घेणारा मिळत नाही, कारण त्याच्याही जिन्याखाली तेवढाच भारा पडलेला असतो. दोन इंची, दीड इंची, पाऊण इंची असे हे तुकडे, आणि त्यांच्या दिमतीला पिशवीभर एल्बो, टी, कपलर व टोपणे, वर्षानुवर्षे आपल्या नियतीची वाट पाहत पडून राहतात. आणि मग एके दिवशी गृहस्थ सेवानिवृत्त होतो.

पाइपापासून घरी बनवलेला सायकल दुरुस्तीचा स्टँड ही जी वस्तू आहे, तिचा उगम सायकलीच्या गरजेत शोधू पाहणाऱ्या संशोधकाने निराशेची तयारी ठेवावी. वर सांगितलेल्या दोन घटनांच्या संयोगातून ती जन्मास येते. सायकल नंतर शोधून काढली जाते.

आमच्या कासार आंबोलीत हा संयोग घडून येण्यास सर्व परिस्थिती अनुकूल आहे. पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिरंगुट मागे टाकले की हे गाव लागते. (सावंतवाडीजवळची घाटातली आंबोली ती वेगळी, पण तेवढा भेद न जाणणारे काही आप्त अद्यापही छत्र्या घेऊन येतात, आणि चहा झाल्यावर धबधबा कोणत्या अंगाला आहे अशी पृच्छा करतात.) जेथे पूर्वी भाताची खाचरे होती तेथे आता बांधाला बांध लावून बंगले उभे राहिले असून, पेन्शनीत निघालेले पुणेकर शांततेच्या शोधात तेथे येऊन राहतात. शांतता त्यांना मिळतेही. फक्त पहिला पावसाळा सरण्याच्या आतच तिचे काय करावे हे त्यांना कळेनासे होते. अशा मनःस्थितीत रविवारी पहाटे रस्त्याकडे दृष्टी जाते, तो चांदणी चौक ओलांडून, भूगाव-भुकूम करीत, पिरंगुटचा घाट चढून आलेल्या सायकलस्वारांचे तांडेच्या तांडे, अंगाला घट्ट बसणारे भडक पोशाख आणि डोक्यावर शिरस्त्राणे अशा थाटात, मुळशीच्या धरणाकडे व त्यांतले अधिक हट्टी ताम्हिणीकडे चाललेले दिसतात. त्यात २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर नावाची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत जिल्ह्यातून गेली आणि तिचा एक टप्पा मुळशी-मावळाच्या वाट्याला आला, तेव्हापासून सायकल हे दारिद्र्याचे लक्षण मानण्याचा तालुक्यातला जुना प्रघात बंद पडून, ती नसणे हेच कमीपणाचे ठरू लागले.

आमचे शेजारी भाऊसाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर फेरफार, हरकती आणि सुनावण्या यांत मुरलेला मनुष्य असल्यामुळे, कोणतीही गोष्ट कागदावर आल्याखेरीज अस्तित्वात आली असे ते मानत नाहीत; घरात मांजर व्याले तरी त्याची नोंद घेऊन मगच पिलांना दूध मिळते. त्यांच्या मालकीच्या सायकली दोन. पहिली वडिलार्जित : काळी, बावीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची, जिच्यावर महापालिकेला सायकल-कर भरल्याचा धातूचा बिल्ला अजून लटकलेला आहे, आणि जी उचलण्यापूर्वी पाठीच्या कण्याची संमती घ्यावी लागते. दुसरी चिरंजिवांची : वजन घटवण्याच्या संकल्पाने घेतलेली, गिअरची आणि तेलाच्या ब्रेकांची. पुढे चिरंजीव बंगळुरास गेले, वजन त्यांनी बरोबर नेले आणि सायकल मागे ठेवली.

या दुसऱ्या सायकलीने स्टँडचा प्रश्न ऐरणीवर आणला. काळी सायकल वाटेल तशी उलटी करावी, खोगीर आणि हँडल जमिनीला टेकवून चाके आकाशाकडे करावीत, तिची तक्रार नसते. आपल्या देशातील बहुतेक सायकली आपल्या आयुष्यातील दुरुस्तीचा काळ अशा शीर्षासनातच घालवतात. गिअरच्या सायकलीला मात्र ते आसन वर्ज्य आहे. उलटी केली की हँडलवरच्या गिअरच्या कळा फरशीवर चिरडतात. तेलाच्या ब्रेकात कोठे हवेचा बुडबुडा दडलेला असला तर तो वरच्या टाकीतून निसटून नळीत शिरतो, आणि सुलटी केल्यावर ब्रेक दाबावा तर बोटांना नुसता भुसभुशीतपणा लागतो. शिवाय गिअर जुळवायचे तर मागचे चाक अधांतरी हवे, एका हाताने पायडल फिरवत दुसऱ्या हाताने कळ दाबता आली पाहिजे, आणि त्याच वेळी साखळी कोणत्या दातावर अडखळते ते पाहण्यासाठी डोळे त्या उंचीवर हवेत. अर्थात सायकल टांगली पाहिजे. दुकानात मिळणाऱ्या पोलादी स्टँडची किंमत भाऊसाहेबांनी विचारली, ऐकली, दप्तरी दाखल केली, आणि मग ते जिन्याखाली गेले.

येथे थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे. ज्या पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ज्या पुण्यात तासाच्या भाड्याने सायकल मिळे, आणि दिवा नसलेल्या अथवा डबलसीट जाणाऱ्या स्वारासाठी कोपऱ्याआड पोलीस उभा असे, त्या पुण्यात पेठोपेठी सायकल दुरुस्तीची दुकाने होती, आणि त्यांत स्टँड नावाची वस्तू क्वचितच दिसे. दुकानाला पाटीही बहुधा नसे. दाराशी टांगलेला झिजका टायर हीच पाटी. आत मिस्त्री पत्र्याच्या डब्यावर किंवा उकिडवा बसलेला, पुढ्यात पंक्चर तपासण्याचे पाण्याचे घमेले, बाजूला कानस, पक्कड, कोनाचे पाने आणि सोल्यूशनची पिळून चपटी झालेली नळी. वर्षातून एकदा सायकलीचे ‘ओव्हराइलिंग’ करण्याचा शिरस्ता असे. त्या दिवशी तिचा प्रत्येक अवयव सुटा होई, छर्रे रॉकेलच्या ताटलीत अंघोळ करीत, आणि दुकानातला पोऱ्या काळ्याभोर नखांनी ते एकेक निवडून, झिजलेला दिसला की न बोलता बाजूला सारी. मग चाकाचा आउट काढण्याचा विधी. मिस्त्री चाक फिरवून रिमेच्या कडेला खडू धरी. जेथे रिम बाहेर आलेली असे तेथेच पांढरी रेघ उठे. त्या रेघेजवळच्या तारांपैकी एका बाजूच्या किंचित ढिल्या, दुसऱ्या बाजूच्या किंचित ताठ करीत, मधूनच तारेला नख मारून तिचा सूर ऐकत, तो त्या वेड्यावाकड्या चाकाला सन्मार्गावर आणी. मालक हे सर्व उभ्याने पाही आणि त्याला त्यातले काही कळत नसे. मिस्त्रीने मान वर न करता “कोन गेलाय” असे म्हणावे आणि मालकाने “किती?” एवढेच विचारावे, या देवघेवीवर तो सारा व्यवहार निर्धोक चालला होता. मालकाचे अज्ञान हे त्या धंद्याचे भांडवल होते असे मी म्हणणार नाही. पण मालकाच्या मनःशांतीचे मात्र ते भांडवल निःसंशय होते.

स्टँडवाचून सायकलीचे काही अडते काय, असा आक्षेप मी भाऊसाहेबांपुढे मांडला, आणि दाखल्यादाखल त्या सहा पारशी तरुणांचे उदाहरण दिले, जे १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि ज्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये ती पुरी करून परतले. इराण, सिनाईचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन एवढे ओलांडणाऱ्यांनी सायकल कशाला टांगली असेल? भाऊसाहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “त्यांच्याकडे पीव्हीसी कोठे होते?” हा युक्तिवाद खोडता येण्यासारखा नव्हता. हे तरुण वाटेत असतानाच, १९२६ साली, अमेरिकेतल्या एका रबराच्या कारखान्यात वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने पीव्हीसीला प्रथम मऊपणा शिकवला; आणि त्या पदार्थाचे कडक पाइप जर्मनीत पुरले जाऊ लागले ते पुढच्या दशकात. म्हणजे कालगणना भाऊसाहेबांच्या बाजूची होती.

मग कामास प्रारंभ झाला. पाइपावर छापलेला ‘आयएस ४९८५’ हा आकडा भाऊसाहेबांनी सवयीने जावक क्रमांक समजून वहीत उतरवला. तो पिण्याच्या पाण्याच्या पाइपांचा भारतीय मानक क्रमांक आहे असे कळल्यावरही त्यांनी नोंद खोडली नाही, कारण खोडलेली नोंद संशयास्पद दिसते. आराखडा साधा होता. जमिनीवर इंग्रजी एच अक्षरासारखी दीड इंची बैठक, चार टोकांना टोपणे. मधून उभा खांब. माथ्यावर आडवा हात. आणि हाताच्या शेवटी पाइपाचाच एक वीतभर तुकडा उभा चिरून केलेला जबडा, ज्याच्या आत जुन्या ट्यूबचे अस्तर लावावे आणि बाहेरून होज क्लिपा आवळाव्यात, म्हणजे सायकल त्यात सुखाने दाढ धरून राहील. बैठक जड व्हावी म्हणून तिच्यात वाळू भरावी अशी सूचना आली, तेव्हा मात्र भाऊसाहेबांमधला अव्वल कारकून खडबडून जागा झाला. वाळू म्हणजे गौण खनिज; ती कोणत्या गटातून उचलली, तिचे स्वामित्वधन भरले काय, वाहतूक परवाना कोठे आहे? ज्याने उभ्या हयातीत वाळूच्या गाड्यांचे पंचनामे लिहिले त्याच्या पाइपात बेकायदा वाळू सापडावी हे शोभले नसते. अखेर बांधकामातून उरलेला कच भरण्यात आला, आणि त्याची मूळ पावती वहीला टाचण्यात आली.

सांधे जुळवण्याचे काम मी जवळून पाहिले, आणि ते पाहण्यासारखे असते. पाइप कापल्यावर तोंडाशी राहिलेली कुसळे कानशीने काढायची, सारे सांधे एकदा कोरडेच बसवून पाहायचे, आणि पाइपावर व जोडावर मिळून एक पेन्सिलीची रेघ ओढायची. मग दोन्ही अंगांना सोल्यूशन फासून, पाइप आत दाबताना पाव वळसा देऊन, ती रेघ पुन्हा जुळली की श्वास रोखून अर्धा मिनिट धरून ठेवायचे. कारण जोडाचे तोंड आत निमुळते असते आणि सोडल्यास ओला पाइप हळूच मागे सरकतो. हे द्रव्य गोंदासारखे मधे राहत नाही, ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांचा एक जीव करते. त्यामुळे चुकलेल्या सांध्याला अपील नाही. करवत हाच एक मार्ग. आयुष्यभर ज्यांनी प्रत्येक हुकुमावर पुनर्विचाराची सोय ठेवली त्या भाऊसाहेबांना ही गोष्ट फार लागली, आणि प्रत्येक सांध्यापूर्वी ते “कोणाची हरकत?” असे मोठ्याने विचारू लागले.

हरकती घेणाऱ्यांची वाण नव्हती. शेजारच्या खाचराचे आबा बांधावरून येऊन, काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “भाऊसायब, तो पल्याड आंबा हाय. त्याच्या फांदीला दोर टाका न् अडकवा की सायकल.” भाऊसाहेबांनी आंब्याची फांदी सामाईक बांधावर असल्याचे निदर्शनास आणले. “आन् येवढा पाइप जमिनीत घातला असता,” आबा जाता जाता म्हणाले, “तर वांग्याला पानी झालं असतं.” वहिनींचे म्हणणे याहून संक्षिप्त होते. त्यांनी स्टँडची उंची डोळ्यांनी मापली आणि त्यावर दोन चादरी राहतील असा शेरा मारला.

प्रथम काळी सायकल चढवण्यात आली, ज्येष्ठतेच्या नियमाने. तिघांनी मिळून तिला जबड्यात दिले, क्लिपा आवळल्या, आणि हात काढून घेतले. स्टँड मोडला नाही. तो नम्रपणे, सावकाश, वरिष्ठ अधिकारी दालनात शिरताच हाताखालचा मनुष्य वाकतो तसा पुढे वाकू लागला आणि पुढचे चाक जमिनीला टेकल्यावर थांबला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या भाच्याने या घटनेची जी मीमांसा केली ती मला पटली. पाइपावर ६ किलो असे लिहिलेले असते ते दर चौरस सेंटिमीटरला आतून लागणाऱ्या दाबाचे. सुमारे ६० मीटर उंचीच्या पाण्याचा भार तो पोटात निमूट सोसतो. बाहेरून कोणी ओझे लटकवील ही गोष्ट त्याच्या नेमणुकीच्या अटींतच नाही. पोलाद त्याच्याहून सुमारे ७० पट ताठ. त्यातून भार कायम राहिला तर पीव्हीसी आज जेवढे वाकते त्याहून उद्या किंचित अधिक वाकते, आणि उन्हात ठेवले तर काही वर्षांत ठिसूळ होते. पण भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर ताठपणा सुमारे ८ पट वाढतो. म्हणून पहिला खांब रद्दबातल ठरून त्याच्या जागी जिन्याखालचा सांडपाण्याचा जाडजूड पाइप उभा राहिला, आणि आडवा हात वीतभर आखूड झाला. काळ्या सायकलीला वयोमानपरत्वे स्टँडवरून सूट देण्यात आली.

गिअरची सायकल मात्र चढली, राहिली, आणि डुलली. खोगिराच्या खालच्या दांडीला धरून ती छातीच्या उंचीवर लटकू लागली. (पातळ ॲल्युमिनियमच्या चौकटीला जबडा लावू नये, ती चेपते, खोगिराची दांडी त्यासाठी बरी.) पायडल फिरवले की सगळे प्रकरण संथपणे हेलकावे खाई. हलकी कामे अशा स्थितीतही उरकतात. गिअर जुळतात, साखळीला तेल घालता येते, ब्रेकचे गुटके बदलता येतात. जोराचे काम निघाले की फजिती. गंजलेले पायडल सोडवायचे म्हणून भाच्याने पान्यावर भार दिला, तेव्हा पायडल जेथल्या तेथे राहून सायकल, जबडा आणि खांब असे तिघेही त्याच्याभोवती फिरू लागले. त्यातून ते डावे पायडल, ज्याचे आटे जगाच्या रीतीविरुद्ध उलटे असतात. त्यामुळे तो सोडवतो आहे की आवळतो आहे याबद्दल जमलेल्यांत दोन तट पडले, आणि सभा तहकूब झाली.

परंतु खरा उत्पात याहून वेगळा होता, आणि तो सांगण्यासाठीच मी हे सारे लिहायला बसलो. सायकल जमिनीवर असते तोपर्यंत ती चांगली असते. तिच्यावर बसणाऱ्याला तिचे फक्त हँडल दिसते, आणि हँडल सहसा निर्दोष असते. तीच सायकल छातीच्या उंचीवर टांगून, तिचे चाक नाकासमोर फिरवले, की मनुष्य प्रथमच तिच्याकडे पाहतो. रिम केसभर डावीकडे जाते हे दिसते. साखळीचा एक दुवा कडक आहे हे दिसते. चाकाला कान लावला तर आत कोठेतरी, वाळूचा कण दळावा तशी, करकर ऐकू येते. ही व्यंगे काल नव्हती असे नाही; पण काल त्यांच्यासह सायकल सुरळीत चालत होती आणि भाऊसाहेबांना रात्री झोप येत होती. आता व्यंगांची यादी वहीच्या चौथ्या पानावर गेली. एक दोष काढताना दुसरा उघड होई, दुसऱ्यासाठी नवा पाना येई, पाना आला म्हणून तिसरा भाग उघडला जाई. रविवारचे तांडे रस्त्यावरून जात, भाऊसाहेब त्यांच्याकडे क्षणभर पाहत, आणि त्यांच्या चाकांतले आउट त्यांना उभ्या जागेवरून दिसत. स्वतः सायकलीवर बसून पिरंगुटपर्यंत जाऊन येण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला होता, पण ज्या सायकलीविरुद्ध एवढी प्रकरणे प्रलंबित आहेत तिच्यावर बसणे त्यांना प्रशस्त वाटेना.

शेवटी चाकाचा आउट हाताबाहेर गेला, आणि मिस्त्रीला बोलावणे भाग पडले. घोटवडे फाट्याकडून तो आपल्या पिशवीसह आला. प्लास्टिकच्या त्या उभारणीभोवती त्याने एक प्रदक्षिणा घातली, जबडा चाचपला, बैठकीला पायाने हळूच ढोसून पाहिले, आणि मग कोणाला काही कळण्याच्या आत सायकल खाली काढून, उलटी करून (ब्रेकाला आणि कळांना त्याने जुन्या पोत्याची घडी दिली होती हे कबूल केले पाहिजे), अंगणात उकिडवा बसला. चहा थंड होण्यापूर्वी चाक सरळ झाले होते. भाऊसाहेबांचा चेहरा पाहून त्याला वाईट वाटले असावे.

“स्टँड झकास आहे, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “दुकानात ठेवायला मलापण एक चालेल. फक्त आपल्याला बसून काम करायची सवय. दोन-अडीच फूट कमी करून द्याल का?”

भाऊसाहेब काही न बोलता आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात करवत होती आणि दुसऱ्या हातात कागद. “दोन की अडीच?” त्यांनी विचारले. “आणि वरून की खालून? मागाहून तक्रार चालणार नाही. लेखी द्या.” मिस्त्रीने आपले ग्रीसने माखलेले दोन्ही हात पुढे करून, पेन कशाने धरू, असे नजरेनेच विचारले. मग भाऊसाहेबांनी मजकूर स्वतः लिहिला, वाचून दाखवला, मिस्त्रीचा अंगठा आयताच काळा असल्यामुळे तो कागदावर उमटवून घेतला, त्याखाली ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे वळणदार अक्षरात नमूद केले, आणि साक्षीदार म्हणून सही करण्यासाठी पेन माझ्या हाती दिले.